हे तेल कुठल्या समुद्रातून आलं?

पेडण्याच्या आमच्या कॉलेजात गावस मॅडम बदलून आल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी कॅन्टीनच्या बाबलकाकांना विचारलं, "हें तेल खंयच्या दर्यांतल्यान आयलें?"

बाबलकाका मिरचीची भजी तळत होते. झारा तसाच हवेत धरून ते म्हणाले, "दर्यांतल्यान ना मॅडम. बाजारांतल्या कामताच्या दुकानांतल्यान हाडलां."

आम्ही तिघंचौघं प्राध्यापक शेजारच्या टेबलावर चहा घेत होतो. आम्हाला हसू आलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तेलाचा डबा मागून घेतला, फिरवून वाचला आणि म्हणाल्या, "सूर्यफूल. म्हणजे बहुतेक काळ्या समुद्राच्या काठचं. तिथं लढाई पेटली, बंदरं अडली, तेव्हा तुमची भजी लहान झाली होती. झाली होती की नाही?"

बाबलकाका विचारात पडले. "जाल्लीं," ते म्हणाले. "मुलांनी खूप कटकट केल्ली."

"मग? युद्ध तुमच्या कढईत आलं होतं, आणि तुम्ही मुलांना सांगितलं असणार की कामत महाग देतो."

महिनाभरात बाबलकाका प्रत्येक गिऱ्हाईकाला भज्यांबरोबर काळ्या समुद्राची हकिकत सांगू लागले. मॅडमचा उत्साह असा लागट होता. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की हातातला उंडा पाव पातळभाजीत बुडवून तोंडापर्यंत न्यायला विसरणाऱ्या. त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. मी, मेधा, मराठी शिकवते. जगाच्या राजकारणाशी माझा संबंध म्हणजे माझा नवरा नितीन तेलवाहू जहाजावर इंजिनियर आहे, एवढाच. हे कळल्यावर मॅडमनी खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली. "अगो, तू जहाजावरच्या तारवट्याची बायको, आणि मला म्हणतेस राजकारणातलं कळत नाही? आज तो कुठं आहे?"

"आखाताच्या आसपास कुठंतरी."

"कुठंतरी नाही. नक्की कुठं?"

मला सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी मी लग्नानंतर प्रथमच नितीनला फोनवर जेवलास का, झोपलास का, याच्याऐवजी तू कुठल्या पाण्यात आहेस हे विचारलं. तो इतका खूश झाला की बराच वेळ बोलतच राहिला.

मॅडम डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याच्या. वडील खनिजाचा टिपर चालवायचे. खाणीवरून धक्क्यापर्यंत, धक्क्यावर माल बार्जमध्ये, बार्ज नदीतून बंदरात, आणि तिथून मोठ्या जहाजानं परदेशात. "आमच्या अंगणात सगळं लाल," त्या सांगायच्या. "वाळत घातलेले कपडे लाल, केळीची पानं लाल, बाबांच्या भुवया लाल. मी विचारलं, बाबा, एवढे दगड खातं कोण? बाबा म्हणाले, जपान. मग मी मोठी झाले तर म्हणाले, आता चीन. बाबांना तेवढंच माहीत. मला पुढचं जाणून घ्यायचं होतं. दगड तेच, खाणारा का बदलला?"

त्या एका प्रश्नानं त्यांना एम.ए.पर्यंत नेलं, पुढं पीएच.डी.पर्यंत नेलं, आणि त्यातून त्या कधी बाहेर आल्याच नाहीत. वर्गात त्या म्हणायच्या, "आमची माती परदेशात गेली, तिचं पोलाद झालं, पोलादाची जहाजं झाली. त्यातलं एखादं आज आपल्याच समुद्रात पहारा घालत फिरत असेल. मी हे सिद्ध करू शकत नाही. पण बार्जकडं बघताना माझ्या बाबांच्या डोक्यात हे आलं असतं, तर त्यांनी निदान एकदा हॉर्न वाजवला असता."

त्यांचे तास बाहेरून ऐकू यायचे. माझा तास शेजारच्या खोलीत. मी कविता शिकवत असताना भिंतीपलीकडून मलाक्काची सामुद्रधुनी यायची. एकदा मी वैतागून तक्रार करायला गेले आणि दारातच उभी राहून ऐकत राहिले. त्या मुलांना सांगत होत्या, "पूर्वी आपलं कसं होतं? शेजारच्या दोन घरांशी वैर. त्या बाजूचं कुंपण पक्कं केलं की झोपायला मोकळे. समुद्राकडं आपली पाठ, कारण समुद्रावर दुसरा एक दांडगा लक्ष ठेवून होता. तो आपला नव्हता, पण वाट मोकळी ठेवायचा. आता तो दांडगा थकलाय. म्हणतो, ज्यानं त्यानं आपलं बघा. दुसरा एक तिकडून आवाज चढवतोय. जुना मित्र स्वतःच्याच लढाईत अडकलाय, आपल्याला हत्यारांचे सुटे भाग वेळेवर देईल की नाही, माहीत नाही. अशा वेळी आपण काय करायचं? कुणाच्या घरी बसायला जायचं, कुणाला नुसता हात करायचा, आणि स्वतःच्या घरात काय बनवायला शिकायचं? हे सगळं नव्यानं ठरवायचं आहे. आणि तुम्ही नेमके याच वेळी वीस वर्षांचे आहात. केवढे नशीबवान आहात."

नशीबवान हा शब्द त्या फार वापरायच्या. जग उलथंपालथं होत असताना दुसरी माणसं काळजीनं बोलत. मॅडम मात्र जत्रेला निघालेल्या मुलीसारख्या असत. आमच्या प्राचार्यांना हे जरा जास्त वाटे. एकदा ते म्हणाले, "मॅडम, आपलं गावातलं कॉलेज. हे दिल्लीतले लोक बघून घेतील."

"सर, दिल्लीतली माणसं जन्मली तेव्हा दिल्लीत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "तीही कुठल्या तरी गावातल्या कॉलेजातच शिकली."

प्राचार्यांनी सहलीच्या अर्जावर सही केली. सहल होती मोरजीला. किनाऱ्यावर, आणि तीही पाट्या वाचायला. दुकानांवर, शॅकवर, दवाखान्यावर रशियन अक्षरांत लिहिलेल्या पाट्या मॅडमनी मुलांकडून मोजून नव्हे, निरखून घेतल्या. कुठल्या पाट्या जुन्या, कुठल्या नव्यानं रंगवलेल्या, कुठं रशियन पुसून दुसरी भाषा आली. एका शॅकवाल्याला त्यांनी विचारलं, लढाई सुरू झाल्यावर काय झालं? तो म्हणाला, "त्यांची कार्डां चलनाशी जाली. माणूस हांगा, पैसे थंय अडकले." मॅडम मुलांकडं वळल्या. "ऐकलंत? गोळी न झाडता केलेला हल्ला असा असतो. उद्या आपल्यावर असा हल्ला झाला तर कोण थांबवणार? सैनिक?" मग कासवांच्या घरट्यांभोवतीचं कुंपण बघून त्या इतक्या हरखल्या की तो विषयच विसरल्या. सगळ्या देशांच्या हद्दी ओलांडून अंडी घालायला कासविणीला मोरजी बरी सापडते, असं काहीतरी स्वतःशीच बोलत राहिल्या.

मोरजीचीच एक मुलगी त्यांच्या वर्गात होती, सिद्धी. वडील किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणारे. आणि दुसरा रूपेश, ज्याचे आईवडील कोल्हापूरकडून इथं कारखान्यात कामाला आलेले. या दोघांना हाताशी धरून मॅडमनी कॉलेजच्या सभागृहात देशाच्या सुरक्षेची बैठक भरवली. सिद्धी संरक्षणमंत्री, रूपेश अर्थमंत्री, बाकीचे कुणी परराष्ट्राचे, कुणी गुप्तचर, कुणी सेनाप्रमुख. मला त्यांनी इतिवृत्त लिहायला बसवलं. प्रश्न असा होता: एका चिंचोळ्या समुद्रात जहाजांवर ड्रोननं हल्ले होत आहेत. बडे देश आपापला जथा करून तिथं उतरले आहेत आणि आपल्यालाही बोलावत आहेत. जायचं की नाही?

मला वाटलं होतं, मुलं पाठ केलेलं बोलतील. पण सभागृह तापलं. परराष्ट्राचा मुलगा म्हणाला, एका जथ्यात गेलो की दुसऱ्याचे वैरी होऊ, आणि तेल त्या दुसऱ्याकडून येतं. सेनाप्रमुख म्हणाला, मग स्वतःची जहाजं पाठवू. त्यावर रूपेश उठला.

"पाठवा. पण तिकडं डोंगरावर जवान उभे आहेत, त्यांचं काय? एका खिशातून दोन्ही होणार नाही. कुठलं कमी करू ते संरक्षणमंत्र्यांनी सांगावं."

मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आनंदानं त्यांचे डोळे चमकत होते. "हाच. हाच प्रश्न आहे," त्या पुटपुटल्या.

शेवटी सिद्धी म्हणाली, "जथ्यात जायचं नाही. आपली जहाजं आपल्या झेंड्याखाली पाठवायची, पण जो हाक मारील त्याच्या मदतीला जायचं. मग कुणाचे वैरी न होता सगळ्यांना आपली गरज लागेल."

मॅडमनी एकटीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. घरी जाताना मी स्कूटरवर त्यांच्या मागं बसले होते, तर त्या वाऱ्यात ओरडून सांगत होत्या, "अगो, मला दिल्लीत लोक भेटलेत ज्यांना हे सुचायला पुस्तकभर पानं लागली." त्यांची स्कूटर नेहमीच रस्त्याच्या मधून चालायची. मी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळच्या तासाला माझा फोन वाजला. नितीनच्या कंपनीचं मुंबईचं कार्यालय. जहाजाच्या मागच्या बाजूला काहीतरी येऊन आदळलं आहे, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं आहे, जहाज बंद पडून वाहत चाललं आहे, माणसांची मोजणी चालू आहे. पुढचं कळवतो, असं म्हणून फोन बंद झाला.

मी वर्गाबाहेर आले. शेजारच्या खोलीतून मॅडमचा आवाज येत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. माझ्याकडं बघताच त्यांनी खडू खाली ठेवला.

हरमलला माझ्या घरी आम्ही त्यांच्याच स्कूटरवरून पोचलो. सासूबाई घरापुढच्या बाल्कांवात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या. मॅडमनी मात्र क्षण वाया घालवला नाही. जहाजाचं नाव विचारलं, कंपनीला परत फोन लावला, मंत्रालयाचा मदतीचा नंबर शोधला, तिथं मला बोलायला लावलं. मग मोबाइलवर नकाशा उघडून माझ्या शेजारी बसल्या.

"हे बघ. जहाज इथं. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, तेल तिसऱ्याचं, आणि माणसं बहुतेक आपली. पूर्वी अशा वेळी कुणी विचारलंच नसतं, झेंडा नाही ना आपला. आता आपल्या नौदलाच्या युद्धनौका तिथं फिरतायत. म्हणजे बघ, केवढा बदल आहे हा. आणि ते ड्रोन काय किमतीचं, एखाद्या जुन्या मोटारीइतकं, आणि ते पाडायला जे क्षेपणास्त्र लागतं ते..."

त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढत गेला होता. हात हलू लागले होते. सासूबाईंनी मान वर केली.

"बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "माजो झील थंय आसा."

मुलगा तिथं आहे, हे ऐकून मॅडम थांबल्या. मी त्यांना अशा थांबलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. बराच वेळ त्या सासूबाईंच्या पायाशी पायरीवर बसून राहिल्या. मग आत गेल्या. थोड्या वेळानं शिजत्या भाताचा वास आला. त्यांनी पेज केली होती, आणि त्यांना स्वयंपाकातलं काही येत नसल्यामुळं ती खाली लागली होती. सासूबाईंनी ती खाल्ली. मीही खाल्ली.

दुपारभर आम्ही तशाच. शेजारच्या बायका येऊन बसल्या. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी रशियन बाई खाली आली, तिला काय झालं ते खुणांनी कळलं, ती सासूबाईंजवळ जमिनीवर बसली. कंपनीचा फोन एकदा आला: एक खलाशी जखमी, बाकीचे डेकवर असावेत. असावेत, या शब्दावर आम्ही सगळ्या दोन तास तरंगत होतो.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मेधा," नितीन म्हणाला. आवाज बसलेला होता. "मी बरो आसां. आये खंय?"

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या, आणि एका हातानं मॅडमचं मनगट घट्ट धरून ठेवलं. नितीन नाश्त्याला वर आला होता म्हणून वाचला होता. नौदलाच्या हेलिकॉप्टरनं एकेकाला उचलून आपल्या युद्धनौकेवर नेलं होतं. तिथं त्यांना चहा देणारा खलाशी मालवणचा निघाला, आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो, खंयचो रे तू? हे सांगताना नितीन हसत होता आणि रडत होता. मग सगळं घर एकदम बोलू लागलं. रशियन बाईनं कुणाला तरी मिठी मारली. मॅडम अंगणात गेल्या, तुळशीपाशी उभं राहून त्यांनी सिद्धीला फोन लावला. मला फक्त एवढंच ऐकू आलं, "तू म्हणाली होतीस तसंच झालं. हाक मारली आणि आपली माणसं गेली."

त्या दिवसानंतर मॅडमच्या शिकवण्यात फरक पडला. उत्साह तोच, स्कूटर तशीच रस्त्याच्या मधून. पण कुठलाही प्रश्न फळ्यावर लिहिला की त्या आधी विचारू लागल्या, "तिथं कोण आहे? नाव सांगा. गाव सांगा. मग देशाचं बोलू." क्षेपणास्त्राची किंमत सांगताना रूपेश एकदा रंगात आला, तेव्हा त्यांनी त्याला मधेच अडवलं. "ते पडतं तिथं कोण राहतं, ते आधी बघून ये," म्हणाल्या. पाठ केलेल्या सगळ्या गोष्टी जणू त्या पुन्हा पहिल्यापासून शिकत होत्या, आणि त्या शिकण्याचा त्यांना अपार आनंद होत होता.

वर्षभरात त्यांना दिल्लीचं बोलावणं आलं. समुद्री सुरक्षेचं धोरण नव्यानं लिहायचं होतं, त्यासाठी नेमलेल्या एका अभ्यासगटात त्यांना घेतलं होतं. पहिल्या बैठकीहून परतल्या त्या थेट आमच्या घरी आल्या आणि सासूबाईंसमोर बसल्या.

"मावशी, तिथं सगळे मोठे लोक. निवृत्त अधिकारी, सचिव. जहाजं किती, पाणबुड्या किती, बंदरं कुठली, यावर दुपारपर्यंत चाललं. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, जगातल्या जहाजांवर आपले किती तारवटी आहेत, ते आज या घटकेला कुठल्या पाण्यात आहेत, हे आपल्याला एका ठिकाणी बघता येतं का? झेंडा परका असला तरी आपलं माणूस ते आपलं, असं धोरणात लिहिलंय का? मग मी तुमचं त्या दिवशीचं वाक्य सांगितलं. मालवणीतच सांगितलं."

"माजां?" सासूबाई लाजल्या. "त्यांका कळलां?"

"एका म्हाताऱ्या ॲडमिरलना कळलं. ते म्हणाले, हे पहिल्या पानावर घ्या."

पहिल्या पानावर आलं की नाही, मला माहीत नाही. असले कागद आमच्यापर्यंत येत नाहीत. पण अभ्यासगटाचं काम वाढलं आणि मॅडमनी कॉलेजचा राजीनामा दिला. मोपा विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि नितीन गेलो. बाबलकाकांनी भज्यांचा पुडा दिला होता, तो गाडीतच संपला. नितीन त्या घटनेपासून घरी होता. कंपनी बोलावत होती. मी नको म्हणत होते, सासूबाई काहीच म्हणत नव्हत्या, आणि तो रोज संध्याकाळी हरमलच्या किनाऱ्यावर जाऊन क्षितिजाच्या आडव्या रेषेकडं बघत बसायचा. सामान आत नेण्याआधी त्यानं मॅडमना विचारलं, "तुम्ही सांगा. मी परत जाऊ?"

प्रत्येक गोष्टीवर मत असणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"हे मी सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "देशाला तेल पाहिजे म्हणून तू जा, असं मी कुठल्याच आईच्या तोंडावर म्हणू शकत नाही. मागं म्हटलं असतं. तुला समुद्र हवा असेल तर जा. तू गेलास तर तुझ्यावर कुणाचं तरी लक्ष असलं पाहिजे, एवढं बघणं माझं काम. त्यासाठीच हे विमान पकडतेय. उशीर होतोय, बाजूला हो."

आणि त्या चाकं असलेली बॅग उलटीच ओढत, रांगेतल्या माणसाशी बोलायला सुरुवात करत, आत गेल्या.

नितीन गेला. यंदा त्याचं जहाज पुन्हा त्याच चिंचोळ्या समुद्रातून निघालं. भल्या सकाळी त्याचा फोन आला. "डेकवर उभा आहे," तो म्हणाला. "शेजारून एक राखाडी युद्धनौका चाललीय. आपली. तिच्यावरच्या कुणीतरी आताच हात केला."

मी तो निरोप लगेच दिल्लीला कळवला. पलीकडून मॅडमनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून नेहमीचा, घाईतला, उतावळा स्वर.

"एक? एकच आहे? नितीनच्या मागून अजून किती तेलाची जहाजं येतायत, विचारलंस का त्याला? एका युद्धनौकेनं भागायचं नाही गो. ठेव फोन, मला बैठकीला जायचंय."